सह्याद्रीच्या पलीकडे पोचलेले वादळ

३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, मुरूडच्या परिसरात रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने सह्याद्रीची रांग ओलांडली, आणि मध्यरात्री उत्तर महाराष्ट्राच्या दिशेने सरकत असताना ते इतके क्षीण झाले होते की हवामानशास्त्राच्या व्याख्येनुसार त्याला चक्रीवादळ म्हणणेही शक्य राहिले नाही. जमिनीवर आलेले वादळ डोंगराळ प्रदेशात कसे मोडते याचे महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेले इतके स्पष्ट उदाहरण अलीकडच्या काळात दुसरे नाही. मात्र त्याच संध्याकाळी मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या तालुक्यांत घरांचे पत्रे उडाले, पॉलिहाऊस जमीनदोस्त झाली, पुणे शहरात ठिकठिकाणी झाडे कोसळली, आणि समुद्रातील वादळ ही केवळ कोकणाची चिंता आहे ही घाटमाथ्याच्या पूर्वेला पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली समजूत काही तासांत डळमळीत झाली.

ही समजूत निराधार मात्र नव्हती. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, किनाऱ्यापासून सरळ रेषेत साधारण शंभर किलोमीटर अंतरावर वसलेले असून त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये सह्याद्रीचा कडा उभा आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पुण्याच्या वाट्याला त्यातील जेमतेम सातशे-साडेसातशे मिलिमीटर येतो, हे दर पावसाळ्यात अनुभवाला येणारे वास्तव आहे. जी रांग नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांतील पाणी अडवते ती वादळाचा वाराही अडवील, असा निष्कर्ष त्यातून निघाला तर नवल नाही. तो निष्कर्ष अर्धाच खरा का आहे हे समजण्यासाठी चक्रीवादळ कशावर जगते आणि जमिनीवर आल्यावर त्याच्यापासून नेमके काय हिरावले जाते, हे आधी पाहावे लागते.

चक्रीवादळ हे उष्णतेवर चालणारे यंत्र आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असेल आणि ही उष्णता वरच्या पातळ थरापुरती न राहता काही दशक मीटर खोलीपर्यंत टिकून असेल, तर त्या पाण्यावरून वाहणारी हवा मोठ्या प्रमाणावर बाष्प घेऊन वर चढते, उंचीवर थंड होते आणि त्या बाष्पाचे पुन्हा पाणी होते. पाण्याची वाफ होताना जी उष्णता खर्ची पडलेली असते ती या वेळी परत मिळते. हिलाच सुप्त उष्णता म्हणतात आणि एक ग्रॅम बाष्पामागे ती सहाशे कॅलरींच्या जवळपास असते. ही उष्णता मिळालेली हवा आणखी हलकी होऊन आणखी वेगाने वर जाते, खाली दाब घटतो, दाब घटला की भोवतालची दमट हवा केंद्राकडे ओढली जाते, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे निर्माण होणारे कोरिऑलिस बल तिला सरळ केंद्रात येऊ न देता उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळवते. अशा रीतीने बारा ते पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत पोचणारा एक फिरता स्तंभ तयार होतो, ज्याच्या मध्यभागी तुलनेने शांत असा ‘डोळा’ असतो आणि डोळ्याभोवती उंच ढगांचे कडे असते; सर्वांत जोरदार वारे याच कड्यात वाहतात. या यंत्राचा एक गुण पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे: स्तंभ कितीही उंच असला तरी त्याला पोसणारी दमट हवा प्रामुख्याने जमिनीलगतच्या किंवा समुद्रालगतच्या पहिल्या एक-दीड किलोमीटर थरातून आत येते आणि त्याचे सर्वाधिक वेगाचे वारेही साधारण याच थराच्या वरच्या भागात असतात.

‘निसर्ग’चा जन्म मे २०२० च्या अखेरीस आग्नेय अरबी समुद्रातील कमी दाबाच्या क्षेत्रातून झाला. १ जूनला त्याचे डिप्रेशन झाले, म्हणजे त्यातील वाऱ्यांनी ताशी ३१ किलोमीटरची पातळी ओलांडली. २ जूनला वेग ६२ किलोमीटरच्या पुढे गेल्यावर त्याला चक्रीवादळ म्हणून नाव मिळाले, आणि ३ जूनच्या पहाटे ते ‘तीव्र चक्रीवादळ’ या वर्गात गेले, ज्यासाठी भारतीय हवामानशास्त्र विभागाने ताशी ८९ ते ११७ किलोमीटर ही मर्यादा ठरवलेली आहे. उत्तर हिंदी महासागराच्या भोवतालच्या तेरा देशांनी सुचवलेल्या नावांची नवी यादी त्याच वर्षी एप्रिलमध्ये जाहीर झाली होती आणि तिच्यातील पहिले नाव, बांगलादेशाने दिलेले, या वादळाला मिळाले. अरबी समुद्रातील वादळे बहुधा पश्चिमेकडे ओमान-येमेनच्या दिशेने किंवा उत्तरेकडे गुजरातच्या दिशेने जातात; ‘निसर्ग’ मात्र उंचावरील वाऱ्यांच्या प्रभावाखाली ईशान्येकडे वळले आणि किनाऱ्याशी मोठा कोन करून थेट जमिनीवर चाल करून आले. किनारा ओलांडताना त्यातील स्थिर वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि झोत १३० किलोमीटरपर्यंत पोचत होते. १८९१ पासूनच्या नोंदींमध्ये जून महिन्यात इतक्या तीव्रतेचे वादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आल्याचे आढळत नाही.

मुंबई वाचली आणि श्रीवर्धन उद्ध्वस्त झाले, यामागे दैवापेक्षा भूमितीचा हात मोठा होता. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरणारे वादळ ईशान्येकडे सरकत असेल तर त्याच्या वाटचालीच्या उजव्या बाजूला, म्हणजे आग्नेयेला, वाऱ्याच्या फिरण्याचा वेग आणि वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, तर डाव्या बाजूला वजाबाकी होते. शिवाय उजव्या बाजूचे वारे समुद्राकडून जमिनीवर येतात आणि लाटा किनाऱ्यावर ढकलतात, तर डाव्या बाजूचे वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात. मुरूडजवळ आत शिरलेल्या या वादळाच्या उजव्या हाताला दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मंडणगड, दापोली हा पट्टा होता. मुंबई डाव्या हाताला राहिली. वांद्रे-कुर्ला संकुलातील तात्पुरत्या कोविड रुग्णालयातील रुग्ण आदल्या दिवशी हलवण्यात आले होते, विमानतळ काही तास बंद ठेवण्यात आला होता, आणि ती सर्व सावधगिरी योग्यच होती, कारण वादळाचा मार्ग शे-सव्वाशे किलोमीटर उत्तरेला असता तर चित्र उलटे झाले असते.

रायगड आणि उत्तर रत्नागिरीत जे घडले त्याची भरपाई आकड्यांत मोजता येण्यासारखी नव्हती. तेथील आगरांत माड आणि पोफळी एकमेकांच्या आधाराने वाढतात. उंच, सडपातळ आणि उथळ मुळांची पोफळ वाऱ्यात एकदा मोडली की तिला पुन्हा फुटवा येत नाही, नवे रोप लावून उत्पन्न हाती यायला सहा-सात वर्षे जातात, आणि श्रीवर्धनची रोठा सुपारी हा तर त्या गावांच्या अर्थव्यवस्थेचा कणा होता. आंबा, काजू, कोकम, फणस यांची जुनी झाडे मुळासकट उन्मळली, कौलारू घरांची छपरे उडाली, शाळांच्या इमारती उघड्या पडल्या, विजेचे खांब इतक्या संख्येने आडवे झाले की अनेक गावांत वीज परत यायला कित्येक आठवडे लागले. रत्नागिरीजवळ मिऱ्या येथे ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटत येऊन किनाऱ्याला लागले. टाळेबंदीमुळे मुंबईहून गावी परतलेली माणसे त्या वेळी घरोघरी होती आणि एका संकटातून सुटण्यासाठी आलेल्यांना दुसऱ्याने गाठले. कोकणाने ‘निसर्ग’चा पूर्ण मार झेलला आणि घाटमाथ्यावर जे वादळ पोचले ते हा मार देऊन झाल्यानंतरचे होते, याचा पुण्यात बसून विचार करताना विसर पडू नये.

आता जमिनीवर आल्यावर वादळाचे काय होते ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे त्याचे इंधन तुटते. समुद्राच्या उबदार पृष्ठभागावरून अखंड मिळणारे बाष्प बंद होते, केंद्राकडे ओढली जाणारी हवा आता तुलनेने कोरडी असते आणि सुप्त उष्णतेचा पुरवठा घटत जातो. पण चुलीतले सरपण ओढून घेतले तरी निखारे काही काळ धगधगतात, त्याप्रमाणे वादळ समुद्रावरून आणलेल्या बाष्पावर आणि आधीच कमावलेल्या गतीवर काही तास चालत राहते. दुसरी गोष्ट म्हणजे घर्षण. समुद्राच्या तुलनेत झाडे, घरे, टेकड्या असलेली जमीन खडबडीत असल्यामुळे खालच्या थरातील वाऱ्याचा वेग झपाट्याने उतरतो. वेग उतरला की वाऱ्याला फिरत ठेवणारा समतोल बिघडतो, हवा अधिक तिरकी होऊन केंद्रात घुसते, तेथील कमी दाब भरून निघू लागतो आणि वादळाचा गाभा ढासळतो. उत्तर अटलांटिकमधील हरिकेनांच्या नोंदींवरून १९९५ मध्ये जॉन कॅप्लन आणि मार्क डीमारिया यांनी मांडलेल्या सूत्रानुसार सपाट जमिनीवर वादळाची वाऱ्याची ताकद साधारण दर सात तासांनी निम्मी होते. येथे वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो हेही ध्यानात घ्यायला हवे, म्हणजे ताशी ११० किलोमीटरचा वारा ५५ वर आला की तो छपरावर जो जोर लावतो तो निम्मा नव्हे तर चौथाई उरतो. या हिशेबाची दुसरी बाजू अशी की ताशी वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने सरकणाऱ्या वादळाला किनाऱ्यापासून शंभर किलोमीटर आत यायला चार-पाच तासच लागतात, म्हणजे पुण्याच्या रेखांशावर पोचेपर्यंत त्याच्या वाऱ्याची निम्मीही ताकद गेलेली नसते. केवळ अंतर हे पुण्याचे संरक्षण नाही. जे काही संरक्षण आहे ते डोंगराचे आहे.

डोंगर हे काम अनेक रीतींनी करतो, आणि त्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो वादळाच्या पायावर घाव घालतो. सह्याद्रीची रांग या भागात साधारण सहाशे ते हजार-बाराशे मीटर उंचीची आहे. पंधरा किलोमीटर उंचीच्या स्तंभापुढे ही उंची किरकोळ वाटते, परंतु वादळाला पोसणारा दमट वाऱ्यांचा थर नेमका याच उंचीपर्यंतचा असल्यामुळे ठेंगणी दिसणारी ही भिंत त्याच्या मर्मस्थानी बसते. केंद्र डोंगराजवळ येऊ लागले की खालच्या थरातील वर्तुळाकार प्रवाह एका बाजूला कड्यावर आपटतो, काही हवा वर चढते, काही रांगेला समांतर वळते, आणि जे वर्तुळ समुद्रावर अखंड होते ते तुटते. वरचा भाग उंचावरील वाऱ्यांबरोबर पुढे निघून जातो आणि खालचा भाग मागे रेंगाळतो, त्यामुळे एकाच अक्षाभोवती फिरणारा स्तंभ तिरका होतो. तिरक्या स्तंभात सुप्त उष्णता एका जागी साठत नाही, तिचा केंद्रातील दाब कमी राखण्यासाठी उपयोग होत नाही. त्यात भर म्हणून डोंगर ओलांडून पलीकडे उतरणारी हवा दाबली जाऊन तापते आणि तिची सापेक्ष आर्द्रता घटते. ही कोरडी हवा केंद्रात मिसळली की उरलेसुरले ढगही विरळ होतात. सह्याद्रीचा पश्चिम कडा जवळपास उभा आणि पूर्व उतार सौम्य असल्यामुळे समुद्राकडून येणाऱ्या वादळाला चढण अचानक लागते, हेही त्याच्या झपाट्याने मोडण्यामागचे एक कारण मानता येते. ‘निसर्ग’च्या बाबतीत दुपारी ‘तीव्र चक्रीवादळ’ असलेले संध्याकाळी पुणे जिल्ह्यावर साधे चक्रीवादळ झाले, मध्यरात्री खोल डिप्रेशन आणि ४ जूनच्या पहाटे विदर्भाच्या पश्चिम भागात डिप्रेशन. पुढे त्याचा अवशेष उत्तर प्रदेश-बिहारपर्यंत पाऊस देत विरून गेला.

जगातील उंच डोंगरांशी तुलना केली म्हणजे सह्याद्रीचे स्थान अधिक स्पष्ट होते. कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटावर सुमारे ३,१०० मीटर उंचीची शिखरे आहेत. १९७९ मध्ये ‘डेव्हिड’ हे हरिकेन तेथे सर्वोच्च श्रेणीत असताना धडकले आणि बेटाच्या दुसऱ्या बाजूने समुद्रात उतरले तेव्हा त्याचा सुसंघटित गाभा पार विस्कटलेला होता. तैवानचा मध्यवर्ती पर्वत तर जवळपास चार हजार मीटरपर्यंत जातो, आणि त्याला भिडणाऱ्या टायफूनचे मूळ केंद्र पूर्वेला विरून पलीकडच्या उतारावर नवे केंद्र तयार झाल्याचे अनेकदा दिसून आले आहे. त्यांच्या मानाने सह्याद्री वादळाला थांबवत नाही, त्याची धार बोथट करतो. आणि धार बोथट होण्याच्या या प्रक्रियेला जो वेळ लागतो त्या वेळेत घाटमाथ्याची गावे सापडतात.

घाटमाथ्यावर वाऱ्याचे वागणे एकसारखे नसते, ही बाब सामान्य वाचकाला सहसा सांगितली जात नाही. प्रदेशाचा विचार केला तर डोंगर वाऱ्याचा वेग घटवतो, पण गावाचा विचार केला तर तो काही जागी वाढवतो. कड्यावरून वर चढणारी हवा माथ्यावर दाटीने सरकते आणि तेथे तिचा वेग भोवतालच्या सपाटीच्या तुलनेत दीडपटीपर्यंतही जाऊ शकतो. दोन डोंगरांमधील खिंडीत आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या नद्यांच्या खोऱ्यांत वारा कोंडला जाऊन झोत तयार होतात, तर त्याच डोंगराच्या आडोशाला असलेल्या वस्तीत पानही फारसे हलत नाही. आंदर मावळ, पवन मावळ, मुळशीचे खोरे, भीमाशंकरच्या भोवतीचा परिसर हा सारा प्रदेश अशाच खिंडी, सुळके आणि पसरट माथ्यांचा आहे. त्यात ‘निसर्ग’चे केंद्र पुण्याच्या पश्चिमेकडून आणि वायव्येकडून गेल्यामुळे मावळ, खेड, जुन्नर हे तालुके केंद्राच्या सर्वांत जवळ आले. तळेगाव दाभाडे आणि भोवतालच्या मावळात गुलाबाच्या फुलांची शेती पॉलिहाऊसमध्ये होते. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले प्लॅस्टिक ही रचना वाऱ्याला शिडासारखी सामोरी जाते, आणि कर्ज काढून उभारलेली कित्येक पॉलिहाऊस त्या दिवशी मोडली. टाळेबंदीमुळे फुलांचा बाजार आधीच बसलेला असताना आलेला हा घाव कोकणातील आगरांइतका चर्चिला गेला नाही, ही खंत नोंदवलीच पाहिजे.

पुणे शहरातील नुकसान मुख्यतः झाडांच्या पडण्याचे होते आणि त्यात वाऱ्याइतकाच शहराचाही वाटा होता. रस्त्यांच्या कडेला लावलेले गुलमोहर आणि विलायती शिरीष यांसारखे बाहेरून आलेले वृक्ष लवकर वाढतात, पसरट होतात, पण त्यांचे लाकूड ठिसूळ किंवा मुळे उथळ असतात. त्यातच बुंध्याभोवती काँक्रीट ओतून आणि केबलसाठी खोदताना मुळे तोडून त्यांचा आधार आधीच क्षीण केलेला असतो. इमारतींचे तसे नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या संहितेनुसार पुण्यातील बांधकामांसाठी सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, हा मूळ वाऱ्याचा वेग गृहीत धरावा लागतो, तर मुंबईसाठी तो सेकंदाला ४४ मीटर आहे. नियमाप्रमाणे बांधलेल्या इमारतीला सह्याद्री ओलांडून आलेल्या अशा वादळापासून धोका नसतो. धोका असतो तो या संहितेच्या बाहेर राहिलेल्या गोष्टींना, म्हणजे वस्त्यांवरील पत्र्यांना, जाहिरातफलकांना, गोठ्यांना, दुर्गम गावांतील शाळांच्या छपरांना.

वारा मोडतो, पण पाणी मोडत नाही. ज्या डोंगरामुळे वादळाचे फिरते चक्र तुटते त्याच डोंगरावर त्याची दमट हवा सक्तीने वर चढवली जाते आणि तिच्यातील बाष्प पावसाच्या रूपाने थोड्या क्षेत्रावर ओतले जाते. ‘डेव्हिड’ने डोमिनिकन प्रजासत्ताकात दोन हजारांहून अधिक बळी घेतले त्यांतील मोठा भाग पुराचा होता. १९९८ मध्ये ‘मिच’ हे हरिकेन होंडुरासच्या डोंगरांवर कमजोर होऊन रेंगाळले आणि पूर व दरडींनी मध्य अमेरिकेत अकरा हजारांच्या आसपास माणसे दगावली. २००९ च्या ऑगस्टमध्ये ‘मोराकोट’ने तैवानमधील अलिशान येथे काही दिवसांत जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस पाडला, शियाओलिन हे गाव दरडीखाली गाडले गेले आणि देशभरात सुमारे सातशे जणांचा मृत्यू झाला; वाऱ्याच्या मोजमापावर ते एक मध्यम वादळ होते. वादळ किती जोरात वाहते यापेक्षा ते डोंगरावर किती वेळ थांबते, हा प्रश्न अशा प्रदेशांत अधिक जीवघेणा ठरतो.

‘निसर्ग’च्या वेळी पुणे जिल्ह्याला या बाबतीत दोन गोष्टींनी तारले. वादळ थांबले नाही, ते वेगाने पुढे गेले. आणि महिना जूनचा होता, म्हणजे उन्हाळ्याने तापलेली कोरडी माती पाणी शोषून घेत होती आणि खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या मुठा खोऱ्यातील धरणांचे साठे वर्षातील सर्वांत खालच्या पातळीजवळ होते. जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा घाट पाण्याने चिंब असतात आणि ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यात माळीण गाव गाडले गेले तशी दरड कोसळण्याचा धोका टोकाला असतो, तेव्हा अरबी समुद्रात अशी वादळे सहसा तयार होत नाहीत, कारण मोसमी काळात खाली नैर्ऋत्येचे आणि उंचावर पूर्वेकडून येणारे जोरदार वारे वादळाचा स्तंभ उभाच राहू देत नाहीत. पण मोसमी पाऊस परतल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ही अडचण दूर होते आणि त्या वेळी धरणे काठोकाठ भरलेली असतात. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले होते. ते ‘निसर्ग’पेक्षा कमजोर होते, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याचे साधे कमी दाबाचे क्षेत्र झाले, आणि पुण्याने ते अवकाळी पावसाइतकेच लक्षात ठेवले. ‘निसर्ग’च्या ताकदीचे, पण मंद गतीचे वादळ ऑक्टोबरमध्ये त्याच वाटेने आले तर मुठेच्या काठावरील शहराला वाऱ्यापेक्षा धरणांच्या विसर्गाची आणि ओढ्यांची चिंता करावी लागेल. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काही तासांच्या मुसळधार पावसाने आंबिल ओढ्याला पूर आला आणि पुणे परिसरात वीसहून अधिक जणांचा जीव गेला, तो पाऊस तर कोणत्याही वादळाचा नव्हता.

वादळ जमिनीवर येऊन मरतेच असेही नाही. २६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘गुलाब’ हे चक्रीवादळ आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यावर आले, तेलंगण ओलांडून मराठवाड्यात आले तेव्हा ते केवळ कमी दाबाचे क्षेत्र उरले होते, तरी पावसाने आधीच भिजलेल्या जमिनीवरून त्याला बाष्प मिळत राहिले, मराठवाड्यातील नद्यांना पूर आले, आणि पुढे हाच अवशेष खंबातच्या आखातातून अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ या नावाने पुन्हा चक्रीवादळ झाला व ३ ऑक्टोबरला ओमानवर आदळला. पूर्व किनाऱ्याकडून दख्खनचे पठार हळूहळू चढत येते आणि त्या वाटेवर सह्याद्रीसारखा कडा आडवा येत नाही. चिंब माती आणि सौम्य चढ यांमुळे चक्राचे बीज टिकून राहिले. कोणत्या बाजूने वादळ येते यावर डोंगराचा उपयोग किती अवलंबून असतो ते यावरून कळते.

या साऱ्या प्रश्नांचा अभ्यास करणाऱ्या देशातील प्रमुख संस्था पुण्यातच आहेत, ही या शहराच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट आहे. हवामान विभागाचे शिवाजीनगरमधील कार्यालय, ज्याला सिमल्याहून स्थलांतर झाल्यामुळे पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात, १९२८ पासून येथे आहे. पाषाणमधील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. या संस्थेतील मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळांची त्याहूनही अधिक, आणि वादळे टिकून राहण्याचा काळही लांबला. समुद्राचे वाढते तापमान हे त्यामागचे प्रमुख कारण आहे. जपानमधील ओकिनावा येथील लिन ली आणि पिनाकी चक्रवर्ती यांचे नोव्हेंबर २०२० मध्ये प्रकाशित झालेले संशोधन याला पूरक ठरते: उत्तर अटलांटिकमधील हरिकेने १९६० च्या दशकात जमिनीवर आल्यापासून पहिल्या दिवसात आपली सुमारे ७५ टक्के ताकद गमावत, तर अलीकडे ती ५० टक्क्यांच्या आसपासच गमावतात, कारण उबदार समुद्रावरून ती अधिक बाष्प सोबत घेऊन येतात. अटलांटिकचे निष्कर्ष जसेच्या तसे अरबी समुद्राला लावता येणार नाहीत, पण बाष्पाचे भौतिकशास्त्र दोन्हीकडे एकच आहे, आणि किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंतच्या पन्नास-साठ किलोमीटर अंतरात वादळाची जी झीज होते तीच मंदावली तर सह्याद्रीवर आदळणारा वारा अधिक ताजा असेल; डोंगराची उंची मात्र आहे तेवढीच राहणार आहे.

चक्रीवादळाचे इशारे आणि पूर्वतयारी आजही प्रामुख्याने किनारी जिल्ह्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखली जाते, आणि ३ जूनला मावळातील बहुतेक शेतकऱ्यांना वादळ अलिबागला येणार एवढेच ठाऊक होते. पॉलिहाऊस चालवणाऱ्याला केंद्र किनाऱ्यावर येण्याआधी जर सांगता आले की संध्याकाळी तुझ्या खोऱ्यात कोणत्या दिशेने आणि किती वेगाचा वारा येईल, तर त्याच्याकडे चार-पाच तास उरतात, आणि तेवढ्या वेळात प्लॅस्टिकचे आच्छादन सोडवून किंवा प्रसंगी कापून लोखंडी सांगाडा वाचवता येतो. आच्छादन पुन्हा घालता येते, सांगाड्यासाठी नवे कर्ज काढावे लागते. गावपातळीवरील असा अंदाज देण्यासाठी सह्याद्रीच्या प्रत्येक खिंडीतील वाऱ्याचे मोजमाप लागते, आणि घाटमाथ्यावर स्वयंचलित हवामान केंद्रांचे जाळे जेवढे दाट होईल तेवढा तो अंदाज नेमका होत जाईल.